गच्चीवरच्या निवृत्त अँटेना आणि हौशी रेडिओ

भारतातील कोणत्याही मध्यम आकाराच्या शहरात एखाद्या उंच इमारतीवरून खाली पाहिले, तर गच्च्यांवर, कठड्यांवर आणि जिन्याच्या खोल्यांवर करड्या रंगाच्या वाटोळ्या तबकड्यांची दाटी दिसते. त्यांतल्या कितीतरी आता कशाशीच जोडलेल्या नाहीत. केबल कुरतडलेली, टोकाची पेटी उन्हाने पिचलेली, तबकडीच्या पोटात चिमणीचे घरटे. ‘ट्राय’च्या अहवालांनुसार २०२०-२१च्या सुमारास सशुल्क डीटीएच सेवेचे सक्रिय ग्राहक सात कोटींच्या घरात होते. २०२४ साली तो आकडा सहा कोटी वीस लाखांच्या आसपास उतरला. ग्राहक फायबरकडे आणि मोबाइलकडे वळले. तबकडी मात्र गच्चीवरच राहिली, कारण ती काढण्याचे पैसे कोणी देत नाही. दूरदर्शनने जमिनीवरील बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक २०२२पर्यंत बंद केले, तेव्हा त्यांच्या ग्रहणासाठी उभारलेल्या ॲल्युमिनियमच्या यागी अँटेनांची उरलीसुरली पिढीही निरुपयोगी ठरली. या सगळ्याचा शेवट ठरलेला असतो: भंगारवाल्याचा तराजू आणि किलोचा भाव.

हौशी रेडिओच्या, म्हणजे ज्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात त्या छंदाच्या दृष्टीने ही उधळपट्टी आहे. विज्ञान शिकवणाऱ्या देशाच्या दृष्टीने तर ती अधिकच खटकणारी आहे. व्यावसायिक कामातून निवृत्त झालेली अँटेना दुसऱ्या वारंवारतेवर, दुसऱ्या कामाला लावणे ही भारतीय विज्ञानात नवी गोष्ट नव्हे. या देशातील रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवातच मुळी जुन्या तबकड्यांनी झाली.

सिडनीजवळ पॉट्स हिल या जलाशयाच्या काठी डब्ल्यू. एन. ख्रिश्चनसन यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी सहा फुटी ३२ तबकड्यांची रांग उभारली होती. ती १४२० मेगाहर्ट्झवर सूर्याचे निरीक्षण करी. कोलंबो योजनेखाली १९५३ साली ऑस्ट्रेलियात गेलेल्या गोविंद स्वरूप आणि आर. पार्थसारथी या दोन तरुण भारतीयांनी हीच रांग ५०० मेगाहर्ट्झवर चालेल अशी बदलून घेतली. तबकड्या त्याच, जागा तीच. बदलले ते नाभीवरचे ग्राहक आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. पुढे ख्रिश्चनसन यांचे काम नव्या, मोठ्या उपकरणाकडे सरकले आणि या ३२ तबकड्या मोडीत निघण्याची वेळ आली. तेव्हा स्वरूप यांनी त्या भारताला द्याव्यात अशी विनंती केली आणि ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने ती मान्य केली. तबकड्या आल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. काही वर्षे त्या तशाच पडून राहिल्या, हेही नमूद करायला हवे. चांगल्या वस्तू गोदामात ठेवून देण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. स्वरूप अमेरिकेहून परतले, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६३ साली दाखल झाले, आणि १९६५ साली मुंबईजवळ कल्याणला त्याच तबकड्या पुन्हा उभ्या राहिल्या. २४ पूर्व-पश्चिम रांगेत, ८ उत्तर-दक्षिण रांगेत. या वेळी वारंवारता होती ६१० मेगाहर्ट्झ. १४२०, ५०० आणि ६१०: एकाच धातूच्या तीन कारकिर्दी. याच मार्गावर पुढे उटीची दुर्बीण आली आणि खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटीही.

ज्या देशाच्या रेडिओ खगोलशास्त्राचा पाया ‘वापरलेल्या’ तबकड्यांवर उभा आहे, त्या देशातील अभियांत्रिकी महाविद्यालये आज अँटेनांचा संपूर्ण अभ्यासक्रम एकही अँटेना हातात न घेता पूर्ण करतात. समीकरणे फळ्यावर येतात, संगणकावर रंगीत आलेख उमटतात, परीक्षेत पाच गुणांची आकृती काढली जाते. गच्चीवरची तबकडी मात्र त्या अभ्यासक्रमाचा भाग नसते, जणू ती एखाद्या वेगळ्याच विश्वातली वस्तू आहे.

कल्याणच्या तबकड्या तीन वारंवारतांवर का चालू शकल्या, याचे उत्तर अन्वस्ताच्या भूमितीत आहे. अन्वस्त आकाराचा परावर्तक समांतर येणारे सर्व किरण एका बिंदूत गोळा करतो आणि हे करताना त्यांची वारंवारता विचारत नाही. ती ठरवते नाभीवर बसवलेली छोटी अँटेना, म्हणजे फीड. परावर्तकावर बंधने दोनच. एक म्हणजे त्याचा व्यास तरंगलांबीच्या काही पट तरी असावा, नाहीतर तो आरसा न राहता नुसता पत्रा ठरतो. दुसरे म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरचे खाचखळगे तरंगलांबीच्या तुलनेत नगण्य असावेत. जाळीची तबकडी असेल तर तिची छिद्रे तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून लहान असली की पुरते. म्हणूनच १९७५-७६मध्ये ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतील २४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचवताना इस्रोच्या अभियंत्यांना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या दहा फुटी तबकड्या वापरता आल्या. वारंवारता होती ८६० मेगाहर्ट्झ, तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. त्या लाटेला ती जाळी अखंड पत्र्यासारखीच ‘दिसत’ होती.

डीटीएचच्या तबकडीने तर याहून कठीण परीक्षा आधीच दिलेली असते. ती ११-१२ गिगाहर्ट्झसाठी, म्हणजे अडीच-पावणेतीन सेंटिमीटरच्या लाटेसाठी घडवलेली आहे. तिचा पृष्ठभाग त्यासाठी पुरेसा अचूक असतो, आणि त्याहून लांब प्रत्येक लाटेसाठी तो आपोआपच अधिक अचूक ठरतो. हौशी रेडिओचा १० गिगाहर्ट्झचा पट्टा तिच्या मूळ कामापासून हाकेच्या अंतरावर आहे. या शेजाराचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे ‘क्यूओ-१००’.

१५ नोव्हेंबर २०१८ रोजी फाल्कन-९ अग्निबाणाने कतारचा ‘एस’हेल-२’ हा दळणवळण उपग्रह अवकाशात नेला. दूरचित्रवाणीच्या उपकरणांसोबत त्यावर हौशी रेडिओसाठी दोन ट्रान्सपाँडर बसवलेले होते. त्यांनाच ‘क्यूओ-१००’ म्हणतात. भूस्थिर कक्षेतील हा पहिलाच हौशी ट्रान्सपाँडर. कतारची हौशी रेडिओ संघटना, उपग्रह कंपनी आणि जर्मनीतील ‘अ‍ॅमसॅट-डीएल’ यांच्या सहकार्यातून तो साकारला. २५.९ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावलेला हा उपग्रह ब्राझीलपासून थायलंडपर्यंतच्या प्रदेशाला दिसतो आणि सगळा भारत त्या टप्प्यात येतो. पुण्याहून पाहिले तर तो पश्चिम-नैर्ऋत्येला, उत्तरेपासून सुमारे २५४ अंशांवर, क्षितिजापासून सुमारे ३२ अंश उंचीवर असतो. दिल्लीहून साधारण २५ अंश, चेन्नईहून २७ अंश, कोलकात्याहून मात्र जेमतेम १७ अंश. तिथे पश्चिमेची एखादी इमारतही आड येऊ शकते. उपग्रह १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून पुढे उत्तर देतो. साठ सेंटिमीटरच्या तबकडीला या वारंवारतेवर सुमारे ३४ डेसिबल लाभ मिळतो, म्हणजे सर्व दिशांना सारखे ऐकणाऱ्या अँटेनेच्या अडीच हजार पट. एवढा लाभ भंगाराच्या भावात मिळतो, ही गोष्ट जरा थांबून लक्षात घेण्यासारखी आहे.

तबकडीच्या टोकाला जी पेटी असते ती एलएनबी. ती येणारी उच्च वारंवारता स्वतःच्या अंतर्गत दोलकाशी मिसळून खाली आणते. सर्वत्र आढळणाऱ्या ‘युनिव्हर्सल’ प्रकारात हा दोलक खालच्या पट्ट्यासाठी ९७५० मेगाहर्ट्झवर चालतो. १०४८९.५ मधून ९७५० वजा केले की उरतात ७३९.५ मेगाहर्ट्झ. डीटीएचचा खोका साधारण ९५० मेगाहर्ट्झपासून पुढे ऐकतो. त्यामुळे हा संकेत त्याच्या कानाखालून निघून जातो. पण दोन-चार हजार रुपयांचा, संगणकाच्या यूएसबी छिद्रात बसणारा एसडीआर ग्राहक तो सहज पकडतो. एलएनबीला केबलमधूनच विद्युतदाब द्यावा लागतो. सुमारे १३ व्होल्ट दिले तर ती उभे ध्रुवीकरण ऐकते, १८ दिले तर आडवे. क्यूओ-१००चा अरुंद पट्टा उभ्या ध्रुवीकरणात आहे. हा दाब एसडीआरमध्ये शिरू न देता केबलवर चढवणारा छोटा जोड, ज्याला बायस-टी म्हणतात, तो मध्ये हवाच. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी ग्राहक जळतो.

इथवरचे सगळे सोपे वाटते, आणि समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती तेवढेच दाखवून थांबतात. खरी परीक्षा त्यापुढे आहे. दूरचित्रवाणीचा एक ट्रान्सपाँडर कित्येक मेगाहर्ट्झ रुंद असतो. एलएनबीचा दोलक थोडा घसरला तरी चित्र बिघडत नाही. हौशी आवाजाचा संकेत मात्र जेमतेम अडीच-तीन किलोहर्ट्झ रुंद. दोलकात दहा लाखांत एक एवढीच चूक असली, तरी ९७५० मेगाहर्ट्झवर ती पावणेदहा किलोहर्ट्झ होते, म्हणजे संकेताच्या तिप्पट रुंदीची घसरण. जुन्या एलएनबींत दोलक सिरॅमिकच्या अनुनादकावर चाले आणि ढग येऊन गेला तरी तो शेकडो किलोहर्ट्झ सरके. त्या या कामाच्या नाहीत. त्यांचा मोह सोडून द्यावा. नंतरच्या पीएलएल प्रकारच्या एलएनबींत स्फटिकाचा आधार असतो. त्या बऱ्याच स्थिर असतात, आणि उपग्रहावरून सतत येणाऱ्या मार्गदर्शक संकेताशी तुलना करून उरलेली घसरण सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकते. दूरचित्रवाणीसाठी ‘उत्तम’ असलेली वस्तू दुसऱ्या कामासाठी ‘अपुरी’ कशी ठरते, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ही घसरण अधिक स्पष्टपणे शिकवते.

दुसरी अडचण दिशेची. घरगुती डीटीएच तबकडी ‘ऑफसेट’ असते. तिचा फीड मध्यभागी न राहता खाली असतो, म्हणून ती प्रत्यक्षात जिकडे ‘पाहते’ ती दिशा तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. पुण्यात ३२ अंशांवरच्या उपग्रहासाठी ती जवळजवळ उभी लावावी लागते; कोलकात्यात तर ती किंचित जमिनीकडे झुकलेली दिसेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की कोणीतरी चुकीची बसवली. तिचा झोत फक्त सव्वातीन अंश रुंद आहे. त्यामुळे होकायंत्र, ओळंबा आणि सबुरी या तिन्हींची गरज पडते. शिवाय आपल्या रेखांशापासून उपग्रह इतका पश्चिमेला असल्याने त्याचे ‘उभे’ ध्रुवीकरण इथे बरेच तिरपे होऊन पोचते. एलएनबी स्वतःच्या अक्षाभोवती फिरवून ती तिरपाई जुळवावी लागते.

हे झाले ऐकण्याचे. बोलण्यासाठी उपग्रहाकडे २४०० मेगाहर्ट्झवर संकेत पाठवावा लागतो, आणि त्यासाठीही तीच तबकडी चालते. त्या वारंवारतेवर तिचा लाभ सुमारे २१ डेसिबल, म्हणजे सव्वाशे पट. काही वॅट शक्ती पुरते. उपग्रहाला उजव्या हाताचे वर्तुळाकार ध्रुवीकरण हवे असते. पण परावर्तनाने हात उलटतो, म्हणून फीडची वेटोळी डाव्या हाताची गुंडाळावी लागते. आरशासमोर उजवा हात वर केला की प्रतिबिंबातला माणूस डावा उचलताना दिसतो, तसेच हे. कित्येकांची पहिली वेटोळी चुकीच्या दिशेची निघते आणि उपग्रह मौन पाळतो. अर्थात प्रक्षेपण ही परवान्याची बाब आहे. भारतात हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाकडून मिळतो, त्यासाठी परीक्षा असते आणि बारा वर्षे पूर्ण झालेले मूलही ती देऊ शकते. आपल्या श्रेणीच्या परवान्यात कोणते पट्टे आणि किती शक्ती मान्य आहे, हे तपासल्याशिवाय प्रक्षेपकाचे बटण दाबणे म्हणजे हौस नव्हे, अपराध आहे.

खालच्या पट्ट्यांकडे वळले की चित्र बदलते. तिथे परावर्तक नसतो. अँटेनेची लांबीच वारंवारता ठरवते. दूरदर्शनच्या चौथ्या वाहिनीसाठीची जुनी यागी ६१ ते ६८ मेगाहर्ट्झची. तिच्या नळ्या दोन-सव्वादोन मीटर लांबीच्या. हौशी रेडिओच्या १४४-१४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधारण मीटरभर लांबीचे घटक लागतात. म्हणजे एका नळीतून दोन निघतात, आणि मूळ आडव्या दांड्यावर तीनऐवजी चार घटकही बसतात. कापणे सोपे, वाढवणे अवघड. म्हणून कमी वारंवारतेची अँटेना जास्त वारंवारतेसाठी घ्यावी, उलटे करू नये. जुन्या अँटेनेच्या डबीतला बालन मात्र काढून टाकावा. तो ग्रहणापुरता बनवलेला असतो आणि त्यातून पाच वॅट पाठवले तर त्याचा गाभा तापून बसतो. दुमडलेल्या डायपोलसाठी साध्या केबलचा ६८ सेंटिमीटरचा तुकडा वळवून तेच काम चोख होते.

अशा हाताने बनवलेल्या यागीचे प्रयोजन काय, हे ज्याला विचारायचे असेल त्याने जुलै २०२५ आठवावा. शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असताना त्यांनी हौशी रेडिओवरून भारतीय विद्यार्थ्यांशी संवाद साधला. ४ जुलैला बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातून आणि नंतर शिलाँगच्या ईशान्य अवकाश उपयोजन केंद्रातून. वृत्तपत्रांनी प्रश्नोत्तरे छापली. स्थानकाचा हौशी आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर उतरतो आणि तो ऐकायला गच्चीवरच्या जुन्या ॲल्युमिनियमचीच अँटेना पुरते, हे फारसे कोणी सांगितले नाही. त्या एका वाक्याने किती गच्च्यांवर हालचाल झाली असती!

टॅक्सी, कारखाने आणि सुरक्षा सेवांच्या बिनतारी यंत्रणांतून निघालेल्या अँटेनांचे तर अनेकदा काहीच करावे लागत नाही. दुमडलेल्या डायपोलांची, १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी बनवलेली उघडी रचना १४५वर जशीच्या तशी चालते. याउलट फायबरग्लासच्या बंद नळीतील कोलिनिअर अँटेना दिसायला देखणी, पण तिची वारंवारता आतल्या तुकड्यांच्या लांबीत कोरलेली असते. ती उघडून बदलण्याचा खटाटोप बहुधा नळी फुटण्यात संपतो. मोबाइल मनोऱ्यांवरच्या चपट्या पट्ट्यांचेही तेच. त्या उत्कृष्ट कारागिरीच्या असतात हे खरे. पण १८०० किंवा २१०० मेगाहर्ट्झच्या पट्टीला हौशी पट्ट्यांत जागाच नाही. तिच्यातले जोड, कंस आणि जाड केबल काढून घ्यावी आणि बाकीचे खुशाल भंगारात जाऊ द्यावे. प्रत्येक जुनी वस्तू वाचवण्यासारखी असते, असा हट्ट धरणारा माणूस शेवटी घरातच गोदाम थाटतो.

एक गैरसमज मात्र इतका पक्का आहे की त्याची दखल घेणे भाग आहे. दूरचित्रवाणीची केबल ७५ ओहमची आणि हौशी उपकरणे ५० ओहमची, म्हणून टीव्हीची केबल वापरताच येत नाही, असे अनेक जाणतेही सांगतात. ७५ आणि ५० ओहमच्या सांध्यावर परत फिरणाऱ्या शक्तीचे प्रमाण निघते ४ टक्के. तोटा ०.२ डेसिबलहूनही कमी. हा फरक कानाला कधीच जाणवणार नाही. तीच केबल उन्हात दहा वर्षे तापून तिच्यात पाणी शिरले असेल तर मात्र तोटा कितीतरी पट अधिक होतो. पण त्याबद्दल कोणी सावध करत नाही.

सर्वांत दुर्लक्षित ठेवा म्हणजे केबलवाल्यांच्या गच्च्यांवरच्या आठ-दहा-बारा फुटी जाळीदार सी-बँड तबकड्या. गावोगावचे छोटे केबलचालक व्यवसाय गुंडाळत आहेत आणि या तबकड्या कटरने कापून विकल्या जात आहेत. आठ फुटी तबकडीला १२९६ मेगाहर्ट्झवर सुमारे २८ डेसिबल लाभ मिळतो. एवढ्यात चंद्राला हाक मारता येते. संकेत चंद्रावर आपटून परत यायला अडीच सेकंदांहून थोडा अधिक वेळ घेतो आणि वाटेत २७१ डेसिबल क्षीण होतो, म्हणजे दहाच्या सत्ताविसाव्या घाताहूनही जास्त पटींनी. हे शक्य झाले त्यात जोसेफ टेलर यांच्या सॉफ्टवेअरचा मोठा वाटा आहे. युग्म पल्सारच्या शोधासाठी १९९३चे नोबेल मिळवलेले हे भौतिकशास्त्रज्ञ बालपणापासून हौशी रेडिओचे; आणि गोंगाटात बुडालेला संकेत शोधण्याची विद्या त्यांनी पल्सारकडून चंद्राकडे आणली. त्याच तबकडीचा फीड थोडा आखूड केला की १४२० मेगाहर्ट्झवर आकाशगंगेतील हायड्रोजन ऐकू येतो. पॉट्स हिलची तीच जुनी वारंवारता.

आणि ज्याला एवढेही जमणार नाही त्याच्यासाठी सूर्य आहेच. साठ सेंटिमीटरची तबकडी, तिची एलएनबी आणि बाजारात मिळणारा दिशादर्शक काटा एवढ्यावर सूर्याचा रेडिओ आवाज मोजता येतो. सूर्य तबकडीच्या झोताचा साधारण चाळिसावा भागच व्यापतो. तरीही काटा स्पष्ट हलतो, कारण १० गिगाहर्ट्झवर त्याचे तापमान दहा हजार केल्विनहून अधिक भासते. पुण्यात एनसीआरए आणि आयुका यांच्या हिवाळी शाळेत पदवीचे विद्यार्थी डीटीएच तबकडीवर असे प्रयोग करत आले आहेत. तिथे जे शक्य आहे ते नांदेडला, रायपूरला, इंफाळला का नसावे? तबकड्या तर तिथेही तेवढ्याच आहेत.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की नवी अँटेना स्वस्तात घरपोच मिळते; मग भंगारात हात कशाला घालायचा? आक्षेप व्यवहारी आहे आणि अर्धा खराही आहे. ज्याला फक्त बोलायचे आहे त्याने नवी घ्यावी. पण विकत घेतलेली अँटेना बहुधा चालते, म्हणून ती का चालते हा प्रश्न पडत नाही. बदललेली अँटेना आधी चालत नाही, आणि तिथूनच शिकणे सुरू होते. चार-पाच हजारांच्या हातात मावणाऱ्या नेटवर्क विश्लेषकाने आता ते शिकणे मोजमापात आणले आहे; नळी सेंटिमीटरभर कापली की आलेखातली दरी किती सरकली हे डोळ्यांसमोर दिसते. प्रत्येक महाविद्यालयाला किमान हे एक उपकरण परवडते. ते कपाटात कुलूपबंद राहू नये, एवढी मात्र खबरदारी घ्यावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: सुरक्षेचा. जुने मनोरे गंजलेले असतात, गच्चीजवळून विजेच्या तारा जातात, पावसाळ्यात वीज कोसळते. तबकडी उतरवताना माणूस गेला तर सारे विज्ञान फोल. म्हणून हे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने, गुपचूप आणि दोरीच्या भरवशावर करण्याचे नव्हे; संस्थेच्या नावावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि पावसाळा टाळून करण्याचे आहे. उभारलेल्या अँटेनेचे भूसंपर्कन हा शेवटचा टप्पा नसून पहिला असावा.

मग अडते कुठे? तंत्रात नाही. सरकारी आणि सार्वजनिक संस्थांची निवृत्त सामग्री लिलावात जाते, आणि लिलावाच्या भाषेत अँटेना म्हणजे ‘मिश्र ॲल्युमिनियम, अमुक किलो’. शाळा-महाविद्यालयांना आणि नोंदणीकृत हौशी रेडिओ मंडळांना अशी सामग्री लिलावाआधी नाममात्र किमतीत निवडू देणारी एक ओळ निविदेच्या अटींत घालायला कायदा बदलावा लागत नाही. प्रसारभारतीचे बंद झालेले मनोरे, दूरसंचार कंपन्यांचे जुने दुवे, हवामान आणि रेल्वे खात्यांची बदललेली यंत्रणा या सर्वांना ती लागू होऊ शकते. खजिन्याचे नुकसान किती? किलोच्या भावाइतके. १९५०च्या दशकात परक्या देशातील एका संस्थेने ३२ तबकड्यांच्या बाबतीत जे औदार्य दाखवले, ते आपल्याच देशातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत दाखवायला आपल्या संस्थांना अवघड का जावे?

आणखी एक प्रश्न तबकड्यांपलीकडचा आहे. भारतीय हॅमच्या गच्चीवरची तबकडी आज कतारच्या उपग्रहाकडे वळलेली असते, कारण वळण्यासारखे दुसरे काही नाही. इस्रोने ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ मधून ‘हॅमसॅट’ पाठवला. तो नऊ वर्षे जगभरातील हौशींनी वापरला आणि जुलै २०१४मध्ये त्याचा कार्यकाळ संपला. त्यानंतर भूस्थिर कक्षेत भारताचे कितीतरी दळणवळण उपग्रह गेले. हौशी ट्रान्सपाँडर त्यांतल्या एकावरही नव्हता. काही किलोंचे उपकरण आणि थोडी वीज एवढीच ती मागणी आहे. पूर, भूकंप आणि चक्रीवादळात मोबाइल मनोरे कोलमडतात, तेव्हा हौशी रेडिओ कामी येतो, हे भूजने २००१ साली आणि अंदमानने २००४च्या त्सुनामीत दाखवून दिले आहे. त्या प्रसंगी ज्याला उपग्रहापर्यंत पोचण्यासाठी गच्चीवरची साठ सेंटिमीटरची तबकडी पुरेल, असा माणूस प्रत्येक जिल्ह्यात असणे ही काही चैन नाही. उपग्रहांचे आयुष्य साधारण पंधरा वर्षांचे धरतात. एस’हेल-२ २०१८चा आहे. पुढच्या जीसॅटवर त्या जागेचा विचार व्हायचा असेल, तर उपग्रहाचा आराखडा ठरण्याआधी तो व्हावा लागतो, आणि असे आराखडे उड्डाणाच्या कित्येक वर्षे आधी ठरतात.